क्रियापद आधी

प्रिय बटण्या,

या वयात तुला या नावानं हाक मारलेली तुझ्या ऑफिसात कुणी ऐकली तर पंचाईत व्हायची, पण हे पत्र आहे. तुझी मुलाखत पाहिली. दोनदा पाहिली. केस छान पिकलेत आणि बोलताना हात फिरवायची सवय थेट बाबांची उचलली आहेस. मुलाखत घेणारी मुलगी आपला खेळ तयार झाला तेव्हा जन्मलीही नसेल, पण किती मनापासून विचारत होती! चित्र एकही नाही, नुसती वाक्यं वाचायची आणि पुढं काय करायचं ते टाइप करायचं, असा खेळ लोक तासन्‌तास खेळायचे, हे तिला खरंच वाटेना. तू म्हणालास, मी चौदा वर्षांचा होतो, एकट्यानं बसून लिहिला. तासाभरात तुझ्या तोंडून ‘आम्ही’ एकदाही निघालं नाही.

टीव्हीला जोडलेला तो रबरी बटणांचा कीबोर्ड आठवतो का रे? खेळाची कॅसेट लावली की तो मशीनमध्ये उतरेपर्यंत दहा मिनिटं किंचाळत बसायची, आणि तेवढ्यात आईनं मिक्सर सुरू केला की सगळी मेहनत पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून. मग पडद्यावर उमटायचं, ‘तू एका ओसाड घरात जागा झाला आहेस. आता काय करशील?’ ती ओळ मीच लिहिलेली, तरी दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. बेचाळीस खोल्या होत्या त्या घरात. मशीनमध्ये जागा नाही म्हणून खोलीमागे तू मला शंभर अक्षरं द्यायचास, तीही उपकार केल्यासारखी, आणि मी वहीत चौकटी आखून वाक्यं बसवायची. जिन्याखालच्या खोलीला वीसच उरली, म्हणून मी लिहिलं, ‘दार बंद आहे. आतून.’ तीच ओळ त्या मुलीनं तुला वाचून दाखवली आणि म्हणाली, एवढ्याशा शब्दांत केवढी भीती! तू लाजून हसलास. तू लाजायला कधी शिकलास?

आणि ते व्याकरण! अक्षरं इंग्रजी, भाषा आपली, इथवर जमलं होतं, पण मशीन पहिल्या शब्दालाच क्रियापद समजायचं. ‘दार उघड’ लिहिलं की उत्तर यायचं, ‘दार’ कसं करतात ते मला माहीत नाही. तीन दिवस तू अडून बसलास, रडकुंडीला आलास, मराठीत हे होणारच नाही म्हणालास. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, काढ चपला, धू हात, आवर तो पसारा. मी टुणकन उठले. आई चिडली की क्रियापद आधी येतं! उघड दार, घे दिवा, उतर खाली. अख्खा खेळ आपण आईच्या रागावर उभा केला. तिला सांगितलं तर म्हणाली, त्या डबड्याला दोन शब्दांत कळतं, मग तुम्हाला का कळत नाही? मुलाखतीत तू सांगितलंस की मराठी वाक्यरचनेचा मी बराच अभ्यास केला होता. अभ्यास! नववीत मराठीत काठावर पास झालास, तोही मी निबंध घोटून घेतले म्हणून.

पुढं तू होस्टेलला गेलास आणि कॉम्प्युटर तुझ्याबरोबर गेला. मला त्याचं काय करायचंय, असं घरात सगळ्यांनी गृहीतच धरलं. मी छापखान्यात मुद्रितं तपासायला लागले. तीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं सरळ करते आहे. त्या पुस्तकांवर माझं नाव नसतं, नसावंच, त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तुझ्या मुलाखतीचं वाटलं. फार वाटलं.

आता तू पाठवलेल्या कागदाबद्दल. कंपनी आपला खेळ पुन्हा बाजारात आणते आहे, आणि जुन्या कॅसेटच्या पहिल्याच पडद्यावर दोघांची नावं आहेत, म्हणून माझी सही हवी. फोनवर म्हणालास, ताई, नुसती फॉर्मॅलिटी आहे, वाचायचीही गरज नाही. वाचणं हा माझा धंदाच, तेव्हा वाचला. ‘बहिणीचे नाव केवळ प्रेमापोटी घातले होते; लेखनात तिचा सहभाग नव्हता.’ नुसतं ‘नाव काढतो’ म्हणाला असतास, तर कुरकुरत का होईना मी सही केली असती. धाकटा म्हणून आजवर तुला नाही म्हटलंय का कधी? पण हे वाक्य मी खरं म्हणून लिहून देणार नाही. ते खोडून खाली खरं काय ते लिहिलं, त्यावर सही केली आणि कालच एक प्रत कंपनीला पाठवली. तू चिडशील, बोलणं टाकशील. टाक. पण ते नाव तू प्रेमापोटी घातलं नव्हतंस, बटण्या. अर्धा खेळ ताईचा आहे म्हणून, कुणी न सांगता, स्वतःहून घातलं होतंस. चौदाव्या वर्षी तुला एवढं कळत होतं.

अजून तरी तुझीच,
ताई