सात पटाश्या

३ ऑगस्ट

ठरलं! बाबा दादाकडे जाणार. विमानाने! आयुष्यात पहिल्यांदा. सव्वा तासाचा प्रवास, पण थाट असा की जणू चंद्रावरच निघालेत. तिकीट कोण काढणार? मी. गोळ्यांचा डबा कोण भरणार? मी. आणि दादा फोनवर म्हणतो, "तू आहेस ना, मग मला कसली काळजी!" शहाणा.

५ ऑगस्ट

आज डॉक्टरीणबाईंची पाटी पुरी केली. लाकडात सतरा अक्षरं. तळहातावरचा फोड पुन्हा फुटला. कोरायच्या पटाश्यांच्या मुठी चाळीस वर्षं बाबांच्या उजव्या हातात झिजल्यात, आणि मी पडले डावखुरी! नऊ वर्षं नावाच्या पाट्या कोरतेय या दुकानात. बाबांचा हात थरथरायला लागल्यापासून तर एकटीच. त्यांनी पाटी उजेडात धरली, फिरवली. वाटलं, आज तरी काही बोलतील.

"खालची रेघ बघ जरा," म्हणाले.

तेवढ्यात दादाचा फोटो आला. साहेबांनी बँकेतून घरी येऊन हौस म्हणून लाकडाचा पक्षी कोरलाय. मान कोंबडीची, अंग बटाट्याचं. बाबांनी तो समोरच्या शिंप्याला दाखवला, चहावाल्याला दाखवला, पाटी न्यायला आलेल्या डॉक्टरीणबाईंनाही सोडलं नाही. "हात आहे पोराला!" म्हणे.

जळले मी. खोटं कशाला लिहू? अंगाची लाहीलाही झाली.

८ ऑगस्ट

तिकीट काढलं. एकवीस तारीख, सकाळी दहाचं. बाबांना खिडकी हवी होती. खिडकी होतीही. मी मधली जागा घेतली. का ते लिहीत नाही.

९ ऑगस्ट

बदलून खिडकीच घेतली. चहा पिता पिता बाबांनी विचारलं, "ढग वरून कसे दिसत असतील गं?" मग राहवलं नाही.

१२ ऑगस्ट

पाटी अर्ध्यावर असताना बाबांनी मेणाचा गोळा पुढे केला. "मुठीत धर. घट्ट. अस्सं!" कशाला, तर मेण मऊ आहे का बघायचंय! मग तोच गोळा रुमालात गुंडाळून डब्यात ठेवला. या वयात काय सुचेल नेम नाही. माझ्या हाताला मेण लागलं, पाटीला डाग पडला. चिडलेच मी. तर वर हसतात!

१६ ऑगस्ट

पेन कागदात रुततंय. रागाने.

सामान भरत होते. चार शर्ट, दोन पायजमे, मफलर, दादाचे लहानपणचे फोटो (माझे? ते कपाटातच). आणि बाबांनी पटाश्या काढल्या. आजोबांपासूनच्या सातही. एकेक पुसली, चामड्याच्या पट्ट्यात खोवली.

"या मी नेतोय. आठ दिवस तुझं दुसऱ्या पटाश्यांवर भागेल."

"दादाकडे? कशाला?"

"काम आहे." आणि गालातल्या गालात हसले.

कळलं मला. पोराला हात आहे ना! मला दुकान नको, घर नको. त्या सात पटाश्या हव्या होत्या. बाबांनी स्वतःच्या हाताने, "घे, आता तुझ्या" म्हणून दिलेल्या. नऊ वर्षं त्याच शब्दांची वाट बघतेय. आणि त्या निघाल्या कोंबडी कोरणाऱ्याकडे!

"मोठ्या बॅगेत टाका," मी म्हटलं.

"छे! विमानाच्या पोटात कुठे फेकाफेकी करतील. हातातल्या पिशवीत चालतील ना? तू विचारून ठेव हं."

विचारायची गरजच नव्हती. तिकीट काढताना नियम तीनदा वाचलेत. धारेची हत्यारं हातातल्या सामानात नाही म्हणजे नाही. तरी फोन केल्यासारखं करून बाहेर गेले, परत आले.

"विचारलं. चालतील," म्हटलं.

१७ ऑगस्ट

सांगायला हवं. उद्या सांगते.

१८ ऑगस्ट

नाही सांगितलं.

१९ ऑगस्ट

दादाचा फोन. बाबांसाठी वहिनीने खोली आवरली, नवी उशी आणली. उशी! इथे रोज गुडघ्यांना तेल कोण चोळतं? "आणि आल्या आल्या कातारीकाकांकडे ने म्हणतायत," दादा कुरकुरला. कातारीकाका म्हणजे बाबांचे जुने मित्र, यंत्रावर लाकूड कातून खुर्च्यांचे पाय, लाटणी करणारे. "मग उरलेला वेळ आमचा! बाबा मला कोरायला शिकवणार आहेत."

आज सांगणारच होते. हे ऐकलं आणि ओठ शिवले. मला नाहीत तर त्यालाही नकोत.

२१ ऑगस्ट, सकाळ

विमानतळाच्या दारापर्यंत सोडलं. आत मला सोडेनात. बाबांनी मोठी बॅग ढकलगाडीवर ठेवली, पण पिशवी छातीशी. इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी. शाळेत पहिल्या दिवशी निघालेल्या पोरासारखे दिसत होते. तीनदा वळून हात केला. तिसऱ्यांदा मी तोंड उघडलं. आता सांगावं!

"बाबा, गोळ्या जेवणानंतर!"

एवढंच निघालं तोंडून.

२१ ऑगस्ट, दुपार

दादाचा फोन येऊन गेला. पटाश्या तपासणीत काढून घेतल्या. परत मिळत नाहीत. मी विमानतळावर फोन लावून पाहिला, तेही तेच म्हणाले.

बाबा जेवले नाहीत. मेणाचा गोळा हातात घेऊन बसलेत. "तुझ्या डाव्या मुठीचं माप आहे म्हणे त्यावर," दादा म्हणाला. "कातारीकाकांकडून सातही मुठी तुझ्या हाताच्या करून आणायच्या होत्या. तुला कळू द्यायचं नव्हतं."

मग म्हणाला, "आणि अगं, बाबा तपासणीच्या माणसांशी भांडले! सगळ्यांसमोर! म्हणे, 'माझ्या मुलीने विचारून सांगितलंय, चालतं. ती चुकायची नाही.'"