बाबांनी सुई निवडली

३ मार्च
अकोल्याहून आलो. डोळ्यापुढचं धुकं, बधिर होणारा डावा हात — दोन्ही एकाच रोगामुळे. एम.एस. — मल्टिपल स्क्लेरोसिस! मेंदूतल्या नसांवरचं अस्तर कुरतडतो म्हणे. अस्तर! शिंप्याच्या पोरीला लगेच कळलं.

मुळापासून जात नाही. औषधानं अटॅक कमी होतात. डॉक्टरांनी तीन वाटा सांगितल्या — रोज गोळी, आठवड्याला इंजेक्शन, नाहीतर सहा महिन्यांनी दवाखान्यात सलाईनमधून औषध. मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "सुई!" असा राग आला! दुखणं माझं, हेच मधे!

८ मार्च
घरात फ्रिज नाही. इंजेक्शनं शेलूबाजारात बदरुद्दीनचाचांच्या कोल्ड्रिंकच्या दुकानात, सोड्याच्या बाटल्यांमागे. टोचायचं बाबा नर्सकडून शिकलेत. आज दंडात टोचायला तीनदा सुई उचलली, तीनदा खाली ठेवली — चाळीस वर्षं शिवणारा माणूस!

सात वर्षांची होते, तेव्हा त्यांनीच हातात सुई दिली. जूनमध्ये दुकानभर निळे गणवेश, मी मशीनखाली बसून बटणं लावायची. बोट टोचलं की म्हणायचे, "रडू नको. सुई तुले ओयखून राह्यली." फार आठवतात ते दिवस. तेव्हा दोन्ही हात माझं ऐकायचे.

२२ मार्च
इंजेक्शनचा ताप. बाबा उशाशी.

१९ मे
डावा हात पुन्हा गेला! काज करताना कापड धरवेना.

एरवी चाचाच इंजेक्शन घरी आणून देतात; आज मीच आणायला गेले, तर डबा बर्फात! चाचा खुशीत — "लाइट जाते ना बेटी, खराब नोको व्हाले. मार्चपासून बर्फातच ठेवून राह्यलो." डॉक्टर फोनवर म्हणाले, गोठलेलं औषध वाया गेलं. म्हणजे सगळीच वाया! चाचांना सांगायचा धीर होत नाही. सख्ख्या काकानं जपलं नसतं इतकं जपलंय.

२३ मे
आता सलाईनच घ्यायचं ठरलं. बाबा सकाळपासून मशीनवर काहीतरी शिवतायत, दाखवत नाहीत.

९ जून
उद्या अकोला. बाबांनी कुर्ता दिला — उजवी बाही मनगटापासून दंडापर्यंत बटणांनी उघडणारी, सलाईनसाठी. शेवटचं बटण माझ्यासाठी ठेवलेलं. कापड त्यांनी धरलं, टाके मी घातले.

विचारलंच — "तवा सुईच काहून म्हटलं, बाबा?"

"गोळी त तू एकटीनंच घेतली असती, माय."