भाद्रपदातला विसार

सातारा, ९ सप्टेंबर २०२५

चि. लालासाहेब यास अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मधेच बोलतोस, म्हणून लिहिते. घरमालक नाथाजीराव पुढच्या महिन्यापासून भाडं वाढवणार आहेत. पेन्शनीत ते बसत नाही. ह्यांची अठ्ठावीस वर्षं फौजेत गेली. आम्ही सलग एका छपराखाली राहिलो ते याच दोन खोल्यांत, निवृत्तीनंतर, तीन वर्षं. त्या मला सोडायच्या नाहीत. म्हणून ह्यांच्या फंडातून सांगलीत लहानसा फ्लॅट घ्यायचा, तो भाड्यानं द्यायचा आणि त्या भाड्यावर इथं राहायचं, असं ठरवलंय. तुझ्या ओळखीच्या रायगोंडाण्णांचा फ्लॅट अजून विकायचा आहे का, विचार. वाचनालयातून घरखरेदीची दोन पुस्तकं आणून वाचली. रेश्माला सांग, वन्सं वाचून बिघडल्या.

माझी माया तू जाणतोसच.

तुझी आक्का, चंद्राबाई

सांगली, १२ सप्टेंबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

फ्लॅट आहे. अण्णांना त्यांचा मुलगा बेंगळुरूला न्यायला आलाय, त्यामुळे घाई आहे. याच पंधरवड्यात व्यवहार केला तर दीड लाख कमी करतो म्हणाले. ते जैन, त्यांच्यात पितृपक्ष पाळत नाहीत. जतचे जयराजही तो घ्यायला तयार आहेत, पण विसार घटस्थापनेलाच देणार.

आक्का, या दिवसांत कुणी साधी चप्पल घेत नाही आणि तू घर घेणार? काही वाईट झालं तर जन्मभर ऐकावं लागेल, असं रेश्मा म्हणते. त्यापेक्षा आमच्या वरच्या खोलीत येऊन राहा. निदान दसऱ्यापर्यंत थांब.

रागावू नये, एवढीच विनंती.

तुझा, लालासाहेब

सातारा, १५ सप्टेंबर

चि. लालासाहेब यास आशीर्वाद.

तुझी वरची खोली चांगली आहे, पण तिथं हे कधी राहिले नाहीत. दसऱ्यापर्यंत थांबले तर मुहूर्त मला मिळेल आणि फ्लॅट जयराजना. वरचे दीड लाख माझ्याकडे नाहीत.

या पंधरा दिवसांत पितर घरी येतात म्हणे. त्यांत माझा माणूसही आहे. फौजेतला माणूस, सुट्टी मोजकी मिळायची, घरातली सगळी कामं तो त्या सुट्टीतच उरकायचा. त्याच्याच पैशानं, त्याच्याच सुट्टीत घर घेतलं तर तो रागवेल, असं मला वाटत नाही.

बुधवारी तिथी आहे. पान वाढून दुपारच्या एसटीनं येते. तोवर तू तळमजल्याच्या भिंती बघून ठेव. पुराचं पाणी नुकतंच ओसरलंय, ओल असली तर आत्ताच दिसेल. वैशाखात सगळीच घरं कोरडी.

काळजी करू नकोस, करायचीच तर थोडी कर.

आक्का

सांगली, १० ऑक्टोबर

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

कालपासून भाडेकरू राहायला आले. स्वप्नाली म्हणून नर्स आहे, सोबत तिची आई. अकरा महिन्यांचा करार झाला. इथलं भाडं तुझ्या दोन खोल्यांच्या वाढीव भाड्याला पुरतं.

आता खरं सांगतो. विसार देताना तू शांत होतीस, पावती मात्र मी तीनदा वाचली. खरेदीखताला गेलो तेव्हा कचेरीत आपल्याशिवाय कुणी नव्हतं. आजचीच तारीख चालेल ना, असं कारकुनानं दोनदा विचारलं, तेव्हा तर मी पळूनच जाणार होतो. जयराज घटस्थापनेला नारळ घेऊन आले. फ्लॅट गेल्याचं कळल्यावर तो नारळ आमच्या पायरीवर फोडून, खोबरं खाऊन गेले. रेश्मा आता गल्लीभर सांगत फिरते, आमच्या वन्सं लय हुशार.

मला भित्रा म्हण, पण विसरू नको.

लालासाहेब

सातारा, ५ नोव्हेंबर

चि. लालासाहेब व सौ. रेश्मा यांस आशीर्वाद.

पहिलं भाडं पोचलं. ते काढून नाथाजीरावांच्या हातात ठेवलं. आवं, आता स्वतःचं घर झालं, खोल्या कधी सोडणार, असं त्यांनी विचारलं. घर झालं म्हणूनच आता सोडावं लागणार नाही, असं मी सांगितलं. त्यांना काही ते उमगलं नाही.

तुला एक कळवलं नव्हतं. भाडंवाढ कानावर आली तशी, ऑगस्टपासूनच, निघावं लागेल म्हणून मी सगळी पुस्तकं गठ्ठ्यांत बांधून दाराशी ठेवली होती. काल सुतळ्या सोडल्या आणि ह्यांनी ठोकलेल्या फळीवर पुस्तकं परत लावली. फळी एका बाजूला कलली आहे. सुतार बोलवायचा नाही.

लोभ आहेच, तो तसाच असू दे.

आक्का