शालनची तपासणी

सांगली, ता. ११ फेब्रुवारी १९७३

सौ. सुलाबाई विहीणबाईंस चंद्राबाईचा नमस्कार, वि. वि.

शालनचा गर्भ गेला तेव्हा पोटातून द्राक्षांसारखा घोस निघाला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यातलं काही आत राहून आता पिशवीत गाठ झाली आहे. आमचे दीर म्हणतात, पिशवी काढून मोकळं व्हा. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोर एकवीस वर्षांची, इंजेक्शनांनी गाठ जाऊन पिशवी राखता येईल. पण पुढे दीड वर्ष दिवस राहता कामा नयेत, कारण लघवीच्या तपासणीत गर्भाची आणि या आजाराची खूण एकच उमटते. पोर तुमच्या घरची, म्हणून तुमचा शब्द हवा. मला रडू आवरत नाही.

माया पातळ होऊ देऊ नका.

आपली, चंद्राबाई


सातारा, ता. १५ फेब्रुवारी १९७३

सौ. चंद्राबाईंस सुलाबाईचा सप्रेम नमस्कार.

रडणं पुरे. इंजेक्शनं सुरू करा, पिशवी राखा, आणि शालनला माहेरीच ठेवा. मानसिंगला जम्मूला कळवलं आहे की दीड वर्ष सांगलीची वाट धरायची नाही. लेकाला बायकोकडे जाऊ नको म्हणणारी साऱ्या पलटणीत मी एकटीच आई असेन! आमचे सुभेदार म्हणाले, लय कडक हुकूम काढलास. सून का नांदत नाही म्हणून बायका विचारतात. मी सांगते, माझी मर्जी.

पोरीला जपा, आमच्यावर लोभ ठेवा.

सुलाबाई


सांगली, ता. ६ ऑक्टोबर १९७३

सौ. विहीणबाईंस नमस्कार, वि. वि.

इंजेक्शनांनी शालनच्या तोंडात आलेले फोड गेले, भाकरी खाते. तीन तपासण्या कोऱ्या आल्या. तुमचे चिरंजीव मात्र रजेत हुकूम मोडून दुपारी येऊन गेले. मी दोघांच्या मधोमध सूप घेऊन शेंगा फोडत बसले. बिचारे शेंगा खाऊनच परतले.

आठवण असू द्या.

चंद्राबाई


सातारा, ता. १२ ऑक्टोबर १९७५

सौ. चंद्राबाईंस सुलाबाईचा नमस्कार.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवली. दीड वर्ष भरल्यावर शालन नांदायला आली, आणि ज्येष्ठात तिची पाळी चुकली. तपासणीत खूण उमटली. डॉक्टर म्हणाले, बहुधा गर्भच, पण खात्रीला थांबावं लागेल. आईला पुन्हा रडवायचं नाही, अशी शालननं शपथ घातली. मी रोज तिच्यापुढे हसायचे आणि गोठ्यात जाऊन रडायचे. फार भ्याले हो मी.

काल डॉक्टरांनी तिच्या पोटाला नळी लावली आणि हसले. मग मलाही ऐकू दिलं. आधी माझंच काळीज धडधडत होतं, काही कळेना. मग बाळाचं ऐकू आलं, बारीक आणि भरभर. शालन माझे डोळे पुसत म्हणाली की, आत्याबाई, आता आईला कळवा.

रागावा, पण ओटी घेऊन लवकर या.

तुमची, सुलाबाई