गाण्याचं न झिजलेलं बटण

अहो, ऐकलं का,

परवा तुमचं वर्षश्राद्ध आटोपलं. काल कपाट आवरताना तो तुमचा चिमुकला फोन हाती लागला आणि आज मी रागाने लिहायला बसले आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत!

काय ते ध्यान होतं! काडेपेटीहून जरासं मोठं. नंबर लावायची बटणं तांदळाएवढी, माझ्या एका बोटाखाली तीन दाबली जायची. गाण्यांसाठी मात्र कडेला ऐसपैस बटणं, मधल्यावर उंचवटा, म्हणजे खिशात हात घालून न बघता गाणं लावता यावं. बायकोशी बोलणं अवघड आणि गाणं सोपं, असा फोन कोणी काढला असेल? नक्कीच एखाद्या नवऱ्याने!

त्याच्या वायरची बोंडं कानांत खुपसून तुम्ही दिवसभर पोर्चमध्ये. मी हाका मारून थकायचे. दुसरं बोंड एकदा तरी माझ्या कानात घातलंत? तेव्हापासूनच मला संशय. असं काय ऐकता, जे मी ऐकू नये? कोण गाऊन पाठवतं?

आणि मी बोलू लागले की माझ्या तोंडाकडे टक लावून पाहायचात. "या वयात काय हे चाळे!" म्हणून मी मान फिरवायचे.

आज तो फोन घेऊन सुलतानपूरला सलीमभाईंच्या दुकानात गेले. म्हटलं, काय लपवलंय ते एकदाचं कळू दे. त्यांनी मागचं झाकण काढलं आणि माझ्याकडेच पाहिलं.

"मॅडम, गाणे कुठून वाजतील? याच्यात गाण्याचं कार्डच टाकेल नाही."

"काहीतरीच! सर दिवसभर ऐकायचे."

"हे पाहा ना. गाण्याचं बटन नवंच्या नवं, अन् बोलताना आवाज वाढवाचं पार घासलं." मग झाकण बसवत म्हणाले, "सरांनी मले विचारलं होतं, याच्याहून मोठा आवाज कोन्या फोनात येते. मी म्हटलं, सर, डॉक्टरले कान दाखवा. तर हसले. म्हने, मॅडमले सांगू नको."

मॅडमले सांगू नको! शाबास!

कानात वायर असली की 'गाण्यात दंग आहेत' म्हणतात, बहिरा कोणी म्हणत नाही. हीच ना युक्ती? आणि ते टक लावून पाहणं म्हणजे माझे ओठ वाचणं! कॉन्व्हेंटात शिकलेली, जन्मभर वर्गातल्या मुलींच्या थापा पकडणारी मी, आणि घरातली थाप दिसू नये? माझा आवाज आधीच चार घरं ऐकतात, पाचवंही ऐकलं असतं. सांगायचं तरी!

पण खरा राग वेगळाच आहे. तुमच्या शेवटच्या दिवाळीत मी तुमच्या ताईंना चारचौघांत टाकून बोलले. त्या जेवता जेवता उठून वरवट बकालला आपल्या घरी निघून गेल्या. आठवडाभराने ओट्याशी पोळ्या लाटता लाटता मी म्हटलं होतं, "माझं चुकलं हो." आयुष्यात एकदाच म्हटलं, तेही तुमच्याकडे पाठ करून. तुम्ही 'हूं' नाही की 'चूं' नाही. मी ते गर्व समजून वर्षभर मनात धरलं. तुम्ही तर त्यानंतर महिन्याभरातच गेलात.

म्हणजे ते तुमच्यापर्यंत पोहोचलंच नाही ना?

म्हणून आता लिहून देते: माझं चुकलं. आणि शब्द देते, येत्या रविवारी ताईंकडे जाईन. समोर बसेन, तोंडाकडे पाहू देईन आणि हेच म्हणेन. त्यांनी उत्तर दिलं नाही, तर पुन्हा म्हणेन.

तुमचीच, अजून रागावलेली,
सुनंदा