मयताचा रकाना

१० जून, बुधवार

आधी कालची चूक दुरुस्त करते. एप्रिलमध्ये इथल्या कोर्टात ४१ फौजदारी प्रकरणं निकाली निघाली, म्हणजे ४१ जणांना शिक्षा झाली, असं मी लिहिलं होतं. शिक्षा फक्त सहांना. एकोणीस निर्दोष सुटले, पंधरांची तडजोड झाली आणि एक आरोपी मयत, म्हणून त्याचं प्रकरण बंद. हेडक्लार्क भगवंतराव पोट धरून हसले. निकाली म्हंजे काय समद्याईले फासावर देल्लं का वं पोरी, म्हणाले.

लोणारहून आल्याचं सार्थक झालं. स्वतःचं टेबल आहे, खिडकीतून सातपुडा दिसतो. दर महिन्याचं विवरणपत्र आता मी भरायचं. चौथीपर्यंत बाबांनी मला घरीच शिकवलं. खोडरबर कधी दिला नाही. चुकलं तर एक रेघ, शेजारी सही. इथंही तीच पद्धत.

१९ जून

बांधावरच्या, आता वाळून गेलेल्या बाभळीवरून नऊ वर्षं चाललेला खटला आज मिटला. आरोपी उकंडराव आणि फिर्यादी त्यांचा भाऊ. उकंडरावांनी सगळ्यांना पेढे वाटले. बाभूयच वायली, आता भांडू कायच्यासाठी, म्हणाले.

२ जुलै

परवा पाठवलेल्या विवरणपत्राची प्रत तपासली. उकंडरावांचं प्रकरण तडजोडीऐवजी शेजारच्या मयताच्या रकान्यात गेलंय. अक्षर माझंच. रेघ ओढली, सही केली, भगवंतरावांकडे धावले. ते म्हणाले, खोडलं काऊन? बरोबरच हाय. उकंडराव काल गेला, बसल्या जागी.

९ जुलै

पाच वर्षांच्या प्रती काढल्या. शिक्षा, सुटका, तडजोड यांचे आकडे दर महिन्याला बदलतात. मयत मात्र एक. कधी शून्य नाही, कधी दोन नाहीत.

१७ जुलै

या महिन्याचा कोरा फॉर्म उघडला. मयताच्या रकान्यात आधीच एका प्रकरणाचा क्रमांक. माझ्या अक्षरात. मी लिहिलेला नाही.

क्रमांक डिंपलचा. वीस वर्षांची. आठवडी बाजारात छेड काढणाऱ्याच्या कानाखाली मारली, म्हणून केस. माह्या केसले अन् लग्नाले नुसती तारीखच भेटते ताई, असं तारखेला आली की म्हणून मला हसवते.

२१ जुलै

रेघ ओढली. सही केली.

२२ जुलै

रेघ गेली. सही आहे. क्रमांक आहे.

फॉर्म फाडला. नवा घेतला. त्यातही —

२४ जुलै

डिंपलला म्हटलं, गाव सोड. हसली. तारखेले नाही आली तं वारंट निघते, तुमीच तं सांगतलं, म्हणाली. डब्यातली अर्धी भाकर मला दिली.

२७ जुलै

भगवंतरावांना विचारलं, रकाना रिकामा सोडला तर? त्यांनी दोन वर्षांपूर्वीची प्रत पुढे केली. मयत — एक. आरोपीचं नाव मयुरी. माझ्याआधी याच खुर्चीवर होती. गुन्हा कसला? खोटी नोंद केल्याचा. तक्रार कुणी दिली? तिनंच, स्वतःवर. दुसऱ्या कुणाचा नंबर लागला होता, त्याच्यासाठी. तो अजून जिता हाय, म्हणाले. माझ्याकडे बघेनात.

२८ जुलै

विवरणपत्र ३१ला जातं. रकान्याला आरोपी लागतो. मी आरोपी नाही — अजून.

पण उकंडरावांची नोंद मी खोटी केली. ही तक्रार खरी आहे. बाबा, चुकलं की शेजारी सही.

आत्ता फॉर्म पाहिला. डिंपलच्या क्रमांकावर रेघ आली आहे. मी ओढलेली नाही. या वेळी पुसली जात नाही. खाली जागा कोरी —

गुरुवार, ३० जुलै. सकाळी अकरा वाजता ठाण्यात जाऊन मी स्वतःवर खोट्या नोंदीची तक्रार दिली. आता फॉर्ममधल्या त्या कोऱ्या जागी, माझ्याच अक्षरात —