‘आवाजी मतदान’ या शब्दाचा खुलासा मिळणेबाबत

प्रति,
मा. निबंधकसाहेब,
गृहसंस्था विभाग, तळमजला (पाण्याच्या पिंपाशेजारील खोली)

विषय : आवाजी मतदानात किती जण ओरडले हे पाहावे, की किती जोरात, याबाबत लेखी खुलासा मिळणे व जिन्याखालील शिलाई मशीन जागेवर राहू देणे.

संदर्भ : आमच्या इमारतीची रविवारची सभा व त्यात अर्जदाराला लागलेली डुलकी.

महोदय,

१. अर्जदार निवृत्त असून हयातभर लिलावात बोली पुकारण्याचे काम करीत असे. त्याच्या एका आरोळीने समोरच्या गच्चीवरचे कबुतर अंडे सोडून उडाले होते. हे कबुतर आज हयात नसल्याने पुरावा जोडता येत नाही.

२. आमच्या संस्थेत सर्व ठराव आवाजी मतदानाने होतात. अध्यक्ष हे निवृत्त औषधविक्रेते असून त्यांना कमी ऐकू येते. यंत्र कानाला टोचते म्हणून ते खिशात ठेवतात. त्यामुळे ज्या बाजूचा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचेल ती बाजू जिंकली, अशी वहिवाट पडली. परिणामी जिन्याचा गुलाबी रंग, फाटकाजवळचे बाक व पाणी सोडण्याची वेळ हे तिन्ही ठराव एकट्या अर्जदाराच्या घशाने मंजूर झालेले आहेत. अर्जदार यास लोकप्रियता समजत होता.

३. सदर शब्द इमारतीत इतका रुळला आहे की भांडणाऱ्या पोरांना आया “आवाजी मतदान बंद करा” असे दटावतात. अर्जदाराने घरी कोबीस विरोध केला असता पत्नी म्हणाली, “ते आवाजी मतदान खाली. इथली अध्यक्ष मी आहे आणि मला ऐकू येतं.” कोबी मंजूर झाला.

४. आता मूळ तक्रार. जिन्याखाली खिडकीपाशी शिवणवाल्या ताईचे मशीन असते. तिचे घर एका खोलीचे, त्यात आई अंथरुणाला खिळलेली. मशीनच्या खडखडाटाने तिला झोप लागत नाही, म्हणून ही जागा. ती रिकामी करून घेण्याचा ठराव चिटणिसांनी रविवारी वाचला. ते वाचतात फार सावकाश. अर्जदाराचा डोळा लागला. पत्नीने कोपराने ढोसून “अहो, घोरताय” असे सांगितले. अर्जदारास वाटले, मत द्यायची वेळ झाली. त्याने सवयीने “हो” पुकारले.

५. बाकी सगळी सभा “नाही” म्हणत होती. अध्यक्षांनी टेबलावर थाप मारून ठराव मंजूर केला. अर्जदाराने तत्काळ त्याहून मोठ्याने “नाही” पुकारले, परंतु चिटणीस म्हणाले, “काका, एका ठरावाला एकच आरोळी.” हा नियम त्यांनी त्याच क्षणी केला असावा.

६. ताईने भांडण केले नाही. अर्जदाराची विजार दुरुस्तीला दिली होती, ती उसवलेली तशीच परत आली. सोबत निरोप : “काकांना सांगा, आवाजी मतदानाने माझी शिवायची जागा गेली. आता सुई-दोरा घेऊन त्यांनीच बसावं.” अर्जदार बसला. विजारीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवले गेले.

७. तरी नम्र विनंती की, आवाजी मतदानात माणसे मोजावीत, घसा मोजू नये, असा खुलासा व्हावा व सदर ठराव हात वर करून पुन्हा मतास टाकावा. तसे झाल्यास जुने ठरावही उकरले जातील, असा दम चिटणिसांनी दिला आहे. हरकत नाही. बाक काढावे, जिना पांढरा करावा. यापुढे अर्जदाराचे मत इतरांएवढेच भरेल व तो बहुधा प्रत्येक ठरावात हरेल, याची त्याला पूर्ण जाणीव आहे.

८. मशीन शनिवारी हलवायचे ठरले आहे, म्हणून निकड. तोवर अर्जदार मशीनला टेकून स्टुलावर बसून आहे. चिटणीस शनिवारची वाट न पाहता दोनदा हमाल घेऊन आले. अर्जदाराने लिलावाचा आवाज लावला. हमाल मजुरी न घेता गेले. ताई मात्र एवढेच म्हणाली, “काका, जरा हळू. आई आत्ताच झोपलीय.” त्यामुळे तिसऱ्या खेपेस काय करावे, याबाबतही मार्गदर्शन व्हावे.

आपल्या हुकमाकडे कान लावून, स्टुलावरून,
लिलाववाले काका
(सही)
दिनांक : बुधवार

सोबत : “नाही” म्हणणाऱ्या सर्व सभासदांच्या सह्या. त्यात अध्यक्षांचीही आहे. तेही “नाही” म्हणाले होते. त्यांना स्वतःचेच ऐकू आले नाही.